बोटाला लागून महिने झाले, एक्स-रे नॉर्मल, तरी दुखतंच? नेमकं कुठे अडलंय ते असं शोधा

"फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे, पंधरा दिवसांत बरं होईल." हे ऐकून घरी गेलेलं बोट दोन-अडीच महिन्यांनी परत येतं. सकाळी आखडलेलं, मूठ वळताना ठणकणारं आणि मधल्या सांध्यावर अजून जाडच. नाशिकमध्ये फिजिओथेरपी करताना अशी बोटं मला बारा महिने दिसतात, फक्त कारण ऋतूप्रमाणे बदलतं. संक्रांतीच्या आसपास मांजाने कापलेली, मे महिन्यात सीझन बॉलने ठोकलेली, गणपतीच्या आधी ढोलपथकाच्या सरावात दुखावलेली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत चेंगरलेली आणि गाडीवरून पडताना हँडलमध्ये अडकलेली बोटं वर्षभर असतातच.

प्रत्येकाची तक्रार एकच असते, "दुखतंय." आणि प्रत्येक जण किती दुखतं तेच सांगत बसतो. त्याने निदान पुढे सरकत नाही. जुन्या दुखण्यात दोनच गोष्टी कामाच्या: बोट ठेवून दाखवता येईल अशी दुखरी जागा कोणती, आणि कोणती हालचाल होतच नाही. एक्स-रे हाडं दाखवतो. बोटातले लिगामेंट (हाडाला हाड बांधणारे पट्टे), टेंडन (स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणाऱ्या दोऱ्या) आणि नस, म्हणजे मज्जातंतू, त्यात दिसत नाहीत. त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल" म्हणजे बोट नॉर्मल असं नसतं.

यापैकी काही असेल तर पुढचं वाचत बसू नका

बोट सगळीकडून फुगलंय, थोडं वाकलेलंच राहतंय, तळव्याच्या बाजूने दाबलं की लांबवर दुखतंय आणि दुसऱ्याने हलकेच सरळ करायला घेतलं की जीव जातोय, तर टेंडनच्या आवरणात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. भांडणात कुणाचा दात लागून मुठीच्या सांध्यावर झालेली जखम दिसायला चिमुकली असते, पण जंतू सरळ सांध्यात जातात, तीही त्याच दिवशी दाखवायची. टोक पांढरं किंवा काळंनिळं पडलंय, बधिर आहे, बोट आडवं कललंय, तरी थांबायचं नाही. लहान मुलाचं बोट दारात सापडून नखाचं मूळ कातडीबाहेर आलं असेल तर "नख पडेल आणि नवं येईल" म्हणून सोडू नका. त्या वयात खालचं वाढीचं हाड मोडलेलं असू शकतं आणि जखमेतून तिथे जंतू जातात.

आणखी एक तपासणी सगळ्यांनी करावी. हळूच मूठ वळा. चारही बोटांची टोकं साधारण अंगठ्याच्या बुडाकडे रोखलेली दिसायला हवीत. एखादं बोट शेजारच्यावर चढत असेल तर आतलं हाड फिरून जुळतंय. बोट सरळ असताना हा दोष दिसतच नाही, म्हणून तो निसटतो. मालिश आणि व्यायामाने तो सुटत नाही, आणि हाड पक्कं जुळल्यावर तो सुधारणं अवघड होत जातं.

हाताने वाकतं, पण आपणहून वाकत नाही?

बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात. तिथून लांब टेंडन मनगटातून बोटापर्यंत येतात आणि सायकलच्या ब्रेकच्या वायरसारखे ओढ पोचवतात. म्हणून ही चाचणी करायची: दुखरं बोट आधी स्वतःच्या जोरावर जितकं वाकेल तितकं वाकवा. मग दुसऱ्या हाताने हलकेच आणखी वाकवून बघा.

दुसऱ्या हाताने पूर्ण वाकतंय आणि स्वतःहून नाही, तर टेंडन तुटलंय किंवा कुठेतरी चिकटलंय. दोन्ही रीतींनी एकाच जागी अडतंय, तर सांधाच आखडलाय. दोन्ही रीतींनी पूर्ण वाकतंय आणि नुसतं दुखतंय, तर सहसा लिगामेंट सावकाश भरून येतंय आणि धीर धरायला हरकत नाही. सरळ करण्याच्या बाबतीतही हेच बघायचं. या एका परीक्षेने निम्मा गोंधळ मिटतो, आणि डॉक्टरांनाही हे वाक्य "खूप दुखतं" पेक्षा जास्त उपयोगी पडतं.

मधला सांधा, सगळ्यात हट्टी

जुन्या दुखण्याची सगळ्यात जास्त बोटं इथे अडलेली असतात. चेंडू टोकावर बसून बोट मागे उलटलं, तर तळव्याच्या बाजूची जाड पट्टी, जिला डॉक्टर व्होलर प्लेट म्हणतात, ताणते किंवा हाडाचा छोटा कण घेऊन सुटते. बोट आडवं मुरगळलं तर बाजूचे लिगामेंट जातात. दुखरी जागा तळव्याकडे आहे की बाजूला, एवढ्यावरूनही अंदाज येतो.

बहुतेक वेळा यावर उपाय सोपा असतो. शेजारच्या बोटाशी चिकटपट्टीने जोडी बांधायची आणि जोडीनेच हलवत राहायचं, साधारण ३ ते ४ आठवडे. दोन बोटांमध्ये कापसाची किंवा गॉझची घडी ठेवा, नाहीतर घामाने कातडी पांढरी पडून सोलते. पट्टी सांध्याच्या वर आणि खाली लावायची, सांध्यावर नाही. पण सांधा निखळून बसवलेला असेल किंवा बाजूला दाबल्यावर उघडल्यासारखा वाटत असेल, तर जोडी बांधण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

या सांध्याची सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहते. काहींच्या बाबतीत सांधा कायमचा थोडा जाड राहतो, जुनी अंगठी परत चढत नाही. दिवसेंदिवस हालचाल वाढत असेल आणि वेदना कमी होत असेल, तर नुसत्या जाडपणाची काळजी करू नका. "बोट बसलंच नाही वाटतं" म्हणून ते कुणाकडून ओढून घेणं हा प्रकार मात्र थांबवा. शहाणीसुरती माणसंसुद्धा चार आठवड्यांनी सावरत आलेलं लिगामेंट एका झटक्यात परत ताणून घेतात.

आता फसवा प्रकार. सांध्याच्या पाठीवर एक पट्टा असतो, तो मधलं पेर सरळ धरतो. मार लागून तो तुटला तरी पहिले काही दिवस बोट सरळ होतं, कारण बाजूचे पट्टे काम चालवून नेतात. एक ते तीन आठवड्यांत तेही घसरतात, मग मधला सांधा वाकलेला आणि टोक वर उचललेलं अशी अवस्था होते. तोवर पेशंट "मुका मार" म्हणून निवांत असतो. तपासायला टेबलाच्या कडेवर मधला सांधा काटकोनात वाकवा, मधल्या पेरावर दुसऱ्या हाताने दाब ठेवा आणि बोट सरळ करायचा प्रयत्न करा. चांगल्या बोटात मधलं पेर दाबाविरुद्ध उचल खातं आणि टोक ढिलं राहतं. मधल्या पेरात जोर नाही आणि टोक ताठ होतंय, तर पट्टा गेलाय असं समजून लगेच दाखवा. वेळेत सापडलं तर मधला सांधा सुमारे ६ आठवडे सरळ बांधून ठेवतात आणि टोकाचा सांधा मुद्दाम हलता ठेवतात. उशीर झाला तर हेच काम कितीतरी किचकट होतं.

टोकाचं पेर: लोंबतंय की वाकतच नाही

टोक लोंबतंय आणि स्वतःहून वर उचलत नाही, तर वरचं टेंडन सुटलंय. चादर गादीखाली खोचतानाही हे होतं, त्याला मोठा मार लागत नाही. उपाय म्हणजे टोकाचा सांधा ६ ते ८ आठवडे अखंड सरळ ठेवणारी स्प्लिंट, मग काही आठवडे फक्त रात्री. अखंड म्हणजे आंघोळीलाही. स्प्लिंट धुवायला काढलीत तर बोट टेबलावर सपाट ठेवूनच काढायची. मध्ये एकदा जरी टोक वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. "स्प्लिंटने काही झालं नाही" असं सांगणाऱ्यांना मी आधी एवढंच विचारतो की पोळ्या लाटताना ती काढत होता का. उत्तर बहुतेकदा "हो, तेवढीच" असं येतं. मार लागून काही आठवडे उलटले असले तरी ही स्प्लिंट लावून बघण्यात अर्थ असतो, त्यामुळे उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

याच्या उलट, टोक वाकतच नाही. कबड्डीत पळणाऱ्याची जर्सी पकडली, तो निसटला आणि अनामिकेत काहीतरी तुटल्यासारखं झालं, ही या दुखापतीची ठराविक हकीगत. वाकवणारं टेंडन हाडापासून सुटून तळहाताकडे सरकतं. मधलं पेर धरून ठेवा आणि फक्त टोक वाकवायला सांगा. अजिबात हलत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, आणि ती पहिल्या ७ ते १० दिवसांत झाली तर निकाल चांगला लागतो. टेंडन परत आपोआप जोडलं जात नाही. महिना होऊन गेला असेल तरी हँड सर्जनला दाखवा. तेव्हा पर्याय वेगळे असतात, पण असतात.

अंगठा

गाडीवरून पडताना मुठीत हँडल राहिलं आणि अंगठा बाहेरच्या बाजूला उपसला गेला, तर त्याच्या बुडाजवळ, तर्जनीच्या बाजूचं लिगामेंट जातं. कुलपात किल्ली फिरवताना, बरणीचं झाकण उघडताना जोर न येणं ही खूण. पूर्ण तुटलेल्या लिगामेंटचं टोक कधी शेजारच्या आवरणाच्या वर अडकून बसतं, मग कितीही बांधून ठेवलं तरी ते जुळत नाही, शस्त्रक्रिया लागते.

अंगठा वर ताणल्यावर मनगटाशी दोन टेंडनच्या मध्ये खळगा पडतो. हातावर पडल्यानंतर तो खळगा दाबल्यावर दुखत असेल, तर दुखणं अंगठ्याचं नसून मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाचं असू शकतं. त्याची भेग पहिल्या एक्स-रेत दिसतेच असं नाही. १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय करतात. या हाडाला रक्त उलट्या बाजूने येतं, म्हणून ते न जुळण्याची भीती इतर हाडांपेक्षा जास्त.

काटा, मांजा आणि नख

सटाणा-देवळ्याकडच्या डाळिंबाच्या बागेतून, गुलाबाच्या पॉलिहाउसमधून किंवा कुंपणाची बाभूळ तोडून आलेल्या माणसाचं बोट आठवडेच्या आठवडे सुजतं, ओसरतं, परत सुजतं. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. अशा वेळी आत काट्याचा तुकडा राहिलाय का हे विचारा. काटा आणि लाकूड एक्स-रेत सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसू शकतं. सुई-पिन घेऊन घरी उकरत बसू नका.

मांजाची जखम टाके घालून भरते, आणि नंतर लक्षात येतं की बोटाची एक बाजू बधिर आहे किंवा जुन्या व्रणावर टिचकी मारली की विजेसारखी मुंगी जाते. तिथली नस कापली गेली असू शकते. जोडलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, त्यामुळे टोकाला जाण यायला महिने लागतात. पण जोडलीच नसेल तर नुसती वाट पाहून फायदा नाही. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंग उडतात, तेव्हा पुढच्या वेळी जखम धुतल्यावर टाके घालण्याआधीच बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का, एवढं बघून घ्या.

नखाखाली एकाच टिचभर जागी पेनचं टोक टेकवलं तरी कळ येते आणि थंड पाण्याने ती वाढते, असं वर्षानुवर्षं चाललेलं असेल तर ते जुन्या माराचं दुखणं नसून नखाखालची चिमुकली, साधी गाठ असू शकते. ग्लोमस ट्यूमर म्हणतात तिला. नाव भीतिदायक आहे, पण ती जवळपास नेहमीच निरुपद्रवी असते आणि काढली की वेदना जाते.

द्राक्षाच्या छाटणीत दिवसभर कात्री चालवणाऱ्यांचं बोट सकाळी वाकल्यावर अडकतं आणि खटकन सुटतं, दुखरी जागा तळहातावर, बोटाच्या बुडाशी. लोक त्याचा संबंध कुठल्यातरी जुन्या माराशी जोडतात. ते ट्रिगर फिंगर असतं, आणि मधुमेह्यांमध्ये जास्त दिसतं.

आखडलेलं बोट सोडवताना

समजा टेंडन शाबूत आहे, हाड जुळलंय, डॉक्टरांनी हलवायला परवानगी दिली आहे, आणि तरीही मूठ वळत नाही. आता खरं काम सुरू होतं. बोटाची सूज जितकी जुनी, तितकी ती चिकट होते आणि सांध्याच्या आवरणाला आखडवते. म्हणून आधी सूज: झोपताना हात उशीवर उंच, टोकाकडून तळहाताकडे हलक्या हाताने पुसल्यासारखी मालिश, आणि स्वतःलाच चिकटणारी लवचिक पट्टी टोकापासून सुरू करून सैलसर. टोक निळं पडलं किंवा मुंग्या आल्या तर पट्टी घट्ट आहे.

मग कोमट पाण्यात दहा मिनिटं हात, आणि लगेच व्यायाम. पाच आकार: बोटं सरळ, फक्त मुठीचे सांधे वाकवून टेबलासारखी, मुठीचे सांधे सरळ ठेवून वरचे दोन वाकवलेला आकडा, टोकं सरळ ठेवून तळव्याला टेकवलेली सपाट मूठ, आणि पूर्ण मूठ. प्रत्येक आकार दहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. सकाळी एकदाच अर्धा तास जोर लावून रडण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. त्याशिवाय मधलं पेर धरून फक्त टोक वाकवणं, आणि पहिलं पेर धरून फक्त मधला सांधा वाकवणं, हे दोन व्यायाम आळस न करता करा, कारण मोकळी मूठ वळताना शरीर लबाडी करतं आणि चांगल्या सांध्यांनीच काम भागवतं.

वेदनेचा हिशोब असा ठेवा. व्यायामानंतर अर्ध्या तासात दुखणं शांत झालं तर प्रमाण बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं.

मेडिकलमध्ये मिळणारा स्मायली बॉल दाबत राहण्याचा सल्ला मला पटत नाही. चेंडू मुठीत असताना बोटं पूर्ण वाकतच नाहीत, मग ज्या शेवटच्या वळणात सांधा अडलाय तिथे काहीच घडत नाही. हालचाल परत आल्यावर ताकदीसाठी हवा तर वापरा.

मधला सांधा सरळ होत नसेल तर झटके देऊन तो सरळ होणार नाही. मंद ताण, पण खूप वेळ, हाच उपाय. त्यासाठी रात्री घालायच्या स्प्लिंट किंवा दर काही दिवसांनी बदललं जाणारं छोटं प्लास्टर असतं. यात महिने जातात.

हळद-चुन्याच्या लेपाबद्दल: कातडी फुटलेली असेल तर चुना पोळतो. आंबेहळद लावून बरं वाटत असेल तर लावा, फक्त वरून करकचून फडकं बांधू नका.

थंडीत वाढतं, रंग बदलतो, इतर सांधेही दुखतात

निफाडला पारा एक आकडी झाला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि जुनी दुखावलेली बोटं ठणकू लागतात. चेंगरलेल्या किंवा नस कापलेल्या बोटाला थंडी सोसत नाही, आणि हे एक-दोन वर्षं टिकू शकतं. गाडीवर हातमोजे घाला. जखम परत उघडली असा त्याचा अर्थ नाही.

मात्र माराच्या मानाने वेदना कितीतरी जास्त, कापसाचा स्पर्शही नकोसा, हात कधी लाल-गरम तर कधी निळसर-थंड, घाम वेगळा, असं दिसू लागलं तर तो सीआरपीएस नावाचा विकार असू शकतो. त्यात हात झोळीत ठेवून जपणं उलट वाढवतं. लवकर सुरू केलेली हालचाल, रोजच्या कामात हाताचा थोडाथोडा वापर, आणि मऊ कापडापासून खरखरीत टॉवेल, मग तांदळात हात घालून स्पर्शाची सवय लावणं यांचा उपयोग होतो, पण हे देखरेखीखालीच.

सकाळी अर्धा-पाऊण तास अनेक सांधे आखडलेले, दोन्ही हातांची बोटं सुजलेली, किंवा मार लागलेलाच सांधा अचानक लालबुंद होऊन रात्रीत पेटतो, अशा वेळी रक्त तपासा. आमवात आणि युरिक ॲसिड हे दोघे माराच्या आडून बरेचदा पुढे येतात.

डॉक्टरांकडे जाताना

पूर्ण पंजाच्या एक्स-रेत बाजूने बघताना बोटं एकावर एक येतात आणि छोटी भेग लपते. त्यामुळे त्या एकाच बोटाचा, समोरून आणि अगदी बाजूने असा एक्स-रे झालाय का ते विचारा. जुन्या फिल्मही न्या. भेगेची रेष एक्स-रेत कित्येक महिने दिसू शकते, तेवढ्यावरून हाड जुळलं नाही असं ठरत नाही.

सिव्हिलला किंवा आडगावच्या मेडिकल कॉलेजला हाडांच्या ओपीडीत दाखवता येतं. कारखान्यातल्या मंडळींकडे ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला जा, आणि मार कामावर लागलाय हे पहिल्याच केसपेपरवर लिहून घ्या. टेंडन किंवा नसेचा संशय असेल तर हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जनकडे चिठ्ठी मागा. नाजूक शिवण ही त्यांची रोजची कामं.

खेळाकडे परत कधी, हे कॅलेंडर सांगत नाही. मूठ पूर्ण वळते, बोट पूर्ण सरळ होतं, दुसऱ्या हाताच्या जवळपास पकड आहे आणि टोकावर टिचकी मारल्यावर कळ येत नाही, मग जोडी बांधून हलके कॅच घ्या. पुढचे काही आठवडे मैदानावर पट्टी राहू द्या. डाव्या हाताचं बोट असेल तर क्लच एकदा उभ्या गाडीवर दाबून बघा आणि मगच द्वारका चौकातल्या गर्दीत शिरा.